संशोधनाच्या कामात माणूस कशावर टिकतो? सीमाभागातले अनुभव सांगा

मलप्रभाकाठ

नमस्कार मंडळी. मी बेळगावात एका आरोग्य-संशोधन प्रकल्पाच्या फील्डवरच्या माणसांचं काम बघतो. आमची मुलं-मुली खानापूर, हुक्केरी, बैलहोंगल तालुक्यांत घरोघर फिरतात, गरोदर बायकांच्या नोंदी घेतात, बाळांची वजनं करतात आणि संध्याकाळी सगळं टॅबमध्ये चढवतात. खानापूरच्या पश्चिमेला मराठीत बोलायचं, बैलहोंगलकडं कन्नडात आणि अहवाल इंग्रजीत. अशी माणसं सहज मिळत नाहीत, आणि मिळाली तरी टिकत नाहीत.

पुढच्या महिन्यात मला वरिष्ठांना पानभर टिपण द्यायचंय: या लोकांचं कामात मन लागावं म्हणून काय करता येईल? पगार निधी देणारी संस्था ठरवते. पदं वाढवणं माझ्या हातात नाही. प्रकल्प संपला की करार संपतो, तेही हातात नाही. मग उरतं काय?

माझं मत आधीच सांगतो. पगार रखडला किंवा साहेब वाईट मिळाला की माणूस कडवट होतो, हे खरं. पण हे सगळं सुरळीत आहे म्हणून कुणी जीव ओतून काम करतंय असं मी पाहिलेलं नाही. जीव लागतो तो आपल्या हातून गेलेल्या कामाचं पुढं काय झालं ते कळलं की. संशोधनात खालच्या माणसाला नेमकं तेच कधी कळत नाही. वजनकाटा धरणाऱ्या मुलीला निष्कर्ष कोण सांगतो?

फक्त शास्त्रज्ञांबद्दल लिहू नका. तंत्रज्ञ, ड्रायव्हर, डेटा भरणारे, प्राणीगृहातले मदतनीस, सगळ्यांबद्दल लिहा.

तिसरं_रेल्वेगेट

पहिली सूचना माझी. अकराच्या चहाबरोबर बेळगावी कुंदा. बाकीचं मागाहून ठरवूया.

पिपेट

तिसरं गेट, कुंदा आणाच, पण आधी स्टायपेंड वेळेवर मिळूंदे की!

मी पीएचडी करतेय. १ जानेवारी २०२३ पासून जेआरएफ, म्हणजे सुरुवातीच्या वर्षांची संशोधन-शिष्यवृत्ती, महिना ३१,००० वरून ३७,००० झाली, आणि एसआरएफ, म्हणजे पुढच्या वर्षांची, ३५,००० वरून ४२,०००. वर घरभाडे भत्ता असतो, बेळगाव त्यासाठी ‘वाय’ म्हणजे मधल्या वर्गात येतं. कागदावर चांगलंच आहे. पण आधी मी ज्या शहरात होते, तिथल्या प्रयोगशाळेत हे पैसे कित्येक महिने यायचेच नाहीत आणि मग एकदम यायचे. मधल्या काळात मेसच्या मावशींना तोंड दाखवायची चोरी. भावाकडून उसने घेऊन भाडं भरलं. पीसीआरच्या नळ्या भरताना डोक्यात घरमालक.

मलप्रभाकाठदादा, ‘कामाचं पुढं काय झालं’ हे मलाही हवंय, मनापासून हवंय. पण पोटात कावळे ओरडत असताना निष्कर्ष ऐकून मी काय करू? तुमच्या टिपणात पहिली ओळ पैशाचीच पाहिजे. आकडा तुमच्या हातात नसेल, तारीख तरी असेल ना?

उद्यमबाग_ओतारी

पिपेट +१. तारीख पाळणारा मालक मी दोन पैसे कमी घेऊनही सोडत नाही.

वडगावची_सून

मी एमबीएच्या मुलांना हा विषय शिकवते, म्हणून थोडं लांबवते.

धागाकर्त्यांचं मत फ्रेडरिक हर्झबर्गच्या मांडणीशी जवळपास जुळतं. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत पिट्सबर्ग भागातल्या २०३ इंजिनिअर आणि लेखापालांना विचारलं होतं, कामात सगळ्यात छान कधी वाटलं आणि सगळ्यात वाईट कधी. निष्कर्ष १९५९ साली मांडले. छान वाटलेल्या प्रसंगांत काहीतरी साध्य होणं, दखल घेतली जाणं, खुद्द काम आणि जबाबदारी यांची नावं वारंवार आली. वाईट प्रसंगांत कंपनीची धोरणं, वरिष्ठांची देखरेख, पगार, कामाची जागा. त्यावरून ते म्हणाले की या दोन वेगळ्या मोजपट्ट्या आहेत. वैताग घालवला म्हणजे आनंद आपोआप आला असं होत नाही.

पिपेट

ताई, त्या २०३ जणांत अकरा महिन्यांच्या करारावरचे किती होते?

वडगावची_सून

प्रश्न रास्त आहे. ती बरी नोकरी असलेली माणसं होती, आणि आजच्या प्रकल्प-कर्मचाऱ्याला ती मांडणी जशीच्या तशी लावू नये असंच मी वर्गात सांगते. दुसरा आक्षेप व्हिक्टर व्रूमचा, १९६४ सालचा. चांगलं घडलं की माणूस श्रेय स्वतःला देतो, वाईट घडलं की दोष साहेबाला आणि संस्थेला देतो. त्यामुळं प्रसंग सांगायला लावले की उत्तरं अशी दोन ढिगांत पडणारच.

पण संशोधन आणि नवनिर्मितीच्या कामाबद्दल टेरेसा अमाबिले यांचं काम मला जास्त भावतं. त्यांनी ७ कंपन्यांतल्या २३८ जणांकडून रोजच्या कामाची डायरी लिहून घेतली. सुमारे १२,००० नोंदी झाल्या. ज्या दिवशी कामात थोडी जरी प्रगती झाली, त्या दिवशी माणूस सगळ्यात खूष. मोठा शोध लागायची गरज नाही. अडलेला एक भाग सुटला तरी पुरे. आणि वरिष्ठांना विचारलं की लोकांना उत्साह कशानं येतो, तेव्हा त्यांनी प्रगतीला यादीत शेवटचा नंबर दिला! मला वाटतं मलप्रभाकाठांनी टिपणात हेच ठळक करावं. साहेबलोकांना हे दिसत नाही.

हिशेबनीस

पिपेटचा मुद्दा आहे म्हणून लिहितो. मी संशोधन संस्थांच्या लेखा विभागांत काम केलंय. स्टायपेंड का रखडतो हे खालच्या माणसाला कुणी सांगत नाही, आणि मग त्याला वाटतं आपल्याला कुणी विचारत नाही.

होतं असं. पहिल्या वर्षाचा हप्ता येतो. पुढचा हप्ता मागच्या खर्चाचं युटिलायझेशन सर्टिफिकेट, म्हणजे पैसे ठरल्या कामालाच वापरले याचा दाखला, आणि खर्चाचा तक्ता गेल्याशिवाय सुटत नाही. एका यंत्राचं बिल अडकलेलं असतं, प्रमुख संशोधक परिषदेला गेलेले असतात, सही राहते. तेवढ्यात मार्च येतो. मार्चात फाइल अडकली की एप्रिल-मे गेलेच म्हणून समजा. चूक कुणा एकाची नसते, भोगतो मात्र सगळ्यात कमी पगाराचा माणूस.

उपाय आहेत. सर्टिफिकेटची तयारी जानेवारीत सुरू करा. संस्थेच्या स्वतःच्या निधीतून मानधनापुरती उचल द्यायची आणि हप्ता आला की वळती करायची, असा ठराव काही संस्था करतात. आणि काहीच जमलं नाही तर निदान महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सगळ्यांना सांगा की फाइल कुठं आहे. माणूस उशीर सोसतो हो. अंधारात ठेवलं की तुटतो.

दुसरी गोष्ट, बढतीची. केंद्राच्या वैज्ञानिक खात्यांत शास्त्रज्ञांसाठी फ्लेक्झिबल कॉम्प्लिमेंटिंग स्कीम आहे. वरची जागा रिकामी नसली तरी मुलाखत आणि कामाच्या मूल्यमापनावर वर जाता येतं. शास्त्रज्ञ ‘बी’ श्रेणीवरून ‘सी’ श्रेणीला तीन वर्षांनी, पुढं चार, पुन्हा चार, मग पाच. त्याच इमारतीतल्या कारकुनाला जागा निघाली तर बढती, नाहीतर एमएसीपी, म्हणजे १०, २० आणि ३० वर्षांनी पगाराची पायरी वर, पद तेच. दोघं एकाच कँटीनमध्ये जेवतात. संशोधन संस्थेतली निम्मी धुसफूस या एका गोष्टीतून येते असं माझं निरीक्षण आहे.

तिसरं_रेल्वेगेट

हिशेबनीस, लेखा विभागातला माणूस इतकं प्रेमानं समजावतो हे पहिल्यांदाच बघतोय. तुम्हाला माझ्यातर्फे पाव किलो कुंदा.

उद्यमबाग_ओतारी

आमच्या फाउंड्रीत पीएचडी कुणी नाही, पण संशोधन रोज चालतं, म्हणून लिहितो.

हायड्रॉलिक व्हॉल्व्हच्या बॉडीचं कास्टिंग, म्हणजे साच्यात धातू ओतून केलेला भाग. मशीनिंगला घेतलं की आतल्या तेलवाटेजवळ ब्लोहोल, म्हणजे गॅसची पोकळ भोकं, निघायचे. गेटिंग म्हणजे धातू आत जायची वाट बदलली, रायझर म्हणजे जादा धातूचा साठा वाढवला, ओतायचं तापमान बदलून बघितलं. काही फरक नाही. आमच्याकडं एक जुने मोल्डर, म्हणजे साचे करणारे, आहेत, आम्ही त्यांना मामा म्हणतो. सातवी शिकलेत. ते म्हणाले, धातूत खोट नाही, कोअरमधला, म्हणजे आतली पोकळी ठेवणाऱ्या वाळूच्या गाभ्यातला, गॅस बाहेर पडायला वाट शोधतोय, वाट द्या. इंजिनिअरांनी आधी ऐकलं नाही. पण आमच्या मालकांनी एक चांगली पद्धत पाडलीय. महिन्यातल्या थोड्या हीट, म्हणजे धातू वितळवायच्या खेपा, ट्रायलसाठी राखून ठेवलेल्या असतात, त्यात काय करायचं ते शॉपवरची माणसं ठरवतात, आणि ट्रायल फसली तर कुणी विचारत नाही. मामांनी कोअर व्हेंटिंग, म्हणजे गॅस जायच्या वाटा, बदलून घेतलं. ब्लोहोल गेले.

मग मालकांनी केलं काय, त्या कोअर बॉक्सच्या ड्रॉइंगवर सुधारणेच्या रकान्यात मामांचं नाव घातलं. पगारवाढ त्या वर्षी सगळ्यांना झाली तेवढीच मामांना झाली. पण ते ड्रॉइंग दाखवायला त्यांनी नातवाला सुट्टीच्या दिवशी कारखान्यात आणलं. आता दुसऱ्या फाउंड्रीनं जास्त पैशाला बोलावलं तरी ते जात नाहीत.

थ्रीएम कंपनीत १९४८ पासून तांत्रिक माणसांना पंधरा टक्के वेळ स्वतःच्या कल्पनांसाठी देतात असं ऐकलं होतं. आमच्या मालकांनी ते ऐकलेलं नाही, पण त्यांना ते आपसूक कळलं.

सिस्टर_माई

मलप्रभाकाठ, तुमच्या मुलींना माझा आशीर्वाद सांगा. मी एएनएम, म्हणजे गावपातळीवरची परिचारिका, होते, आता निवृत्त झाले. खेड्यातल्या उपकेंद्रावर उभी हयात गेली.

आमचं काम म्हणजे रजिस्टरं. गरोदर मातांचं वेगळं, लसीकरणाचं वेगळं, जन्माचं, मृत्यूचं, गोळ्यांचं वेगळं. रात्री कंदिलात बसून सुद्धा भरलेत. महिन्याच्या शेवटी आकडे वर जायचे आणि तिथंच गडप व्हायचे. वरून यायचं ते एकच, ‘टार्गेट कमी आहे.’ खोटं सांगत नाही, पुढं पुढं आकडे भरताना मन मरायचं. आपण बाईचं वजन लिहितोय की भाजीचं, तेवढाही फरक वाटायचा नाही.

एकदा एक तरुण डॉक्टरीणबाई आली, अभ्यासासाठी. तिनं माझी जुनी रजिस्टरं मागून घेतली. मला वाटलं, हीपण नेणार आणि विसरणार. पण थोड्या दिवसांनी ती परत आली, एक मोठा कागद घेऊन. माझ्या उपकेंद्राच्या गावांतल्या बायकांचं हिमोग्लोबिन, गावागावाचं वेगळं, रंगीत पट्ट्यांत. एका गावाची पट्टी सगळ्यात बुटकी. ती मला म्हणाली, ‘माई, इथं काय वेगळं आहे ते तुम्हीच सांगू शकाल.’ मला! मी सांगितलं की त्या गावातल्या बायका उसाच्या तोडणीला जातात, गोळ्या द्यायच्या दिवशी गावात नसतात. मग आम्ही गोळ्या द्यायचा दिवस बदलला. तो कागद मी बदली होईपर्यंत भिंतीवर ठेवला होता.

त्यानंतर मी एक आकडा अंदाजानं लिहिला नाही. पगार तोच होता बरं का.

जांबोटीची_वाट

माई, वाचून गलबलून आलं. तुमच्यासारख्यांनी लिहायला पाहिजे.

मलप्रभाकाठ

माई, तुम्ही जे सांगितलंत त्याचंच मोठं रूप आपल्या जिल्ह्यात घडलंय, आणि इथल्याच लोकांना ते फारसं ठाऊक नाही.

बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावावर मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या गावपातळीवर चालतील का, याची चाचणी बेळगाव जिल्ह्याच्या ग्रामीण भागात सप्टेंबर २००२ ते डिसेंबर २००५ मध्ये झाली. १६२० बायका. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी औषध नसलेली. बाळंतपणं केली २५ एएनएमनी, गोळी दिली त्यांनीच आणि रक्त मोजलं तेही त्यांनीच, मापाच्या खुणा असलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत. रक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आलं. गंभीर रक्तस्राव १.२ वरून ०.२ वर. २००६ साली हे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेनं या कामासाठी ही गोळी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. आणि ती मापाची पिशवी बघा, २०२३ साली आफ्रिकेतल्या चार देशांतल्या मोठ्या अभ्यासात रक्तस्राव वेळेत ओळखण्याचा पाया तसल्याच पिशवीवर होता.

त्या पंचवीस जणींनी मध्यरात्री, कुणाच्या तरी माजघरात, पिशवीवरची रेघ नीट वाचली म्हणून हा आकडा उभा राहिला. एखादीनं कंटाळून अंदाज लिहिला असता तर सगळंच ढासळलं असतं. म्हणून मी म्हणतो की खालच्या माणसाचं मन लागणं हा संशोधनाच्या खरेपणाचाच प्रश्न आहे. सोयी-सवलतींच्या यादीत त्याला टाकू नये.

पिपेट

हे मला माहीत नव्हतं. आमच्या लॅबच्या ग्रुपवर टाकलं.

जांबोटीची_वाट

माझं काम जंगलातलं, औषधी वनस्पतींच्या नोंदी. खानापूर, जांबोटी, कणकुंबी या पट्ट्यात. त्यामुळं माझा मुद्दा जरा वेगळा आहे.

आमच्याबरोबर वाट दाखवायला गावातलीच माणसं असतात. नरक्या म्हणजे अमृता हे झाड मला पानं, साल, फळ बघून खात्री करून घ्यावं लागायचं. आमचे वाटाडे काका लांबून वासावरून सांगायचे. या झाडातून कॅम्पटोथेसिन मिळतं, कर्करोगावरच्या औषधांसाठी, आणि त्यापायी पश्चिम घाटात त्याची बेसुमार तोड झाली. कुठल्या ओहोळाला अजून चार झाडं शिल्लक आहेत हे काकांना ठाऊक होतं. मी त्यांना आमच्या नोंदींचा नकाशा दाखवला आणि जागा मुद्दाम ढोबळ ठेवल्यात हे सांगितलं, तेव्हा त्यांनी पुढच्या जागा दाखवल्या. त्याआधी नाही. विश्वास बसला की माणूस स्वतःहून काम वाढवून घेतो.

दुसरं म्हणजे सुरक्षितता. माकडताप आपल्या भागापर्यंत आला तेव्हा आठवतंय का? मूळचा शिमोग्याकडचा, १९५७ सालचा. पण २०१५-१६ च्या सुमारास दोडामार्ग आणि गोव्याच्या सत्तरीत पसरला, आपल्याकडून काजूच्या बागांत कामाला जाणाऱ्या मजुरांनाही झाला. त्याच्या अभ्यासासाठी जंगलात फ्लॅनेलचं कापड जमिनीवरून ओढत गोचिडी गोळा कराव्या लागतात. ते कापड ओढणारा बहुधा रोजंदारीवरचा असतो. त्याला गमबूट, गोचिडी दूर ठेवायला अंगाला लावायचं डेपा तेल आणि विमा द्यायचा की नाही यावर एका ठिकाणी मी तास-तास चर्चा ऐकलीय. असली चर्चा ज्याच्यासमोर होते, त्याच्याकडून नंतर जीव ओतायची अपेक्षा कोणत्या तोंडानं करायची?

उद्यमबाग_ओतारी

खरंय. फाउंड्रीत बुटांवरून माणूस ओळखावा, मालकही ओळखावा.

निपाणकर

विषय थोडा बाजूला नेतो, रागावू नका.

माझे वडील बिडी-तंबाखूच्या संशोधनाच्या शेतावर मदतनीस होते. शेंडा खुडणं, फुटवे काढणं, वाणावाणाची पानं वेगळी वाळवून वजन करणं. कामात अतिशय चोख. आणि आमची आजी आयुष्यभर बिड्या वळायची, शेवटी खोकल्यानं बेजार झाली. मी कॉलेजात गेल्यावर वडिलांना थेट विचारलं होतं, ‘तुम्ही जे पीक सुधारताय त्यानं माणसं आजारी पडतात, तुम्हाला समाधान कसं मिळतं?’ ते बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, ‘तंबाखू लावणारा शेतकरी माझ्यासमोर उभा असतो. त्याचं पीक बुडू नये एवढं मी बघतो.’ पण तंबाखूला पर्यायी पिकांच्या चाचण्या लागल्या की ते रविवारी सुद्धा प्लॉट बघून यायचे, हेही मी पाहिलंय. त्यांनी तोंडानं कधी कबूल केलं नाही, पण कुठल्या कामात मन होतं ते पायांवरून कळायचं.

तर माझं म्हणणं, दखल, नाव, प्रगती हे सगळं ठीक. पण काम कशासाठी चाललंय हा प्रश्न माणसाला आतून छळत असेल, तर बाकीचं फार काळ पुरत नाही.

अनगोळकर

निपाणकर, थोडा असहमत. सगळ्यांनाच कामाच्या हेतूचा असा विचार करायची चैन परवडत नाही. तुमच्या वडिलांना घर चालवायचं होतं आणि त्यांनी ते सचोटीनं चालवलं. त्यात कमीपणा काही नाही.

निपाणकर

कमीपणा मी म्हटलेलंच नाही काका. वडिलांचा अभिमानच आहे. चैन म्हणाल तर, हा विचार त्यांनी केला नाही असं नाही, त्यांना तो बोलून दाखवायला जागा नव्हती. संस्थेत ती जागा असावी, एवढंच म्हणतो.

अनगोळकर

मान्य.

आता माझं. मी कृषी-संशोधनात होतो, इथून लांब. तिथं मी जे पाहिलं त्यावरून सांगतो की माणूस बहुतेक वेळा संस्था सोडत नाही, साहेब सोडतो. एका वरिष्ठांनी माझ्या सहकाऱ्याची दोन हंगामांची निरीक्षणं स्वतःच्या नावावर परिषदेत वाचली. सहकारी सभागृहात मागच्या रांगेत बसलेला. त्यानंतर तो नोकरीत राहिला, पण कामातून गेला. वेळेवर यायचा, वेळेवर जायचा, तक्रारीला जागा नाही.

हे नवीन नाही. १९७२ साली दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेतल्या एका शास्त्रज्ञानं आत्महत्या केली, तेव्हा भरती आणि बढतीतल्या अन्यायाची देशभर चर्चा झाली. चौकशीसाठी न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांची समिती नेमली. सातारचे, धारवाडच्या कर्नाटक कॉलेजात शिकलेले, देशाचे माजी सरन्यायाधीश. त्यानंतर १९७३ साली कृषी शास्त्रज्ञ भरती मंडळ स्थापन झालं, म्हणजे निवड संस्थेच्या बाहेरच्या, स्वतंत्र मंडळाकडे गेली. आज आपण ते गृहीत धरतो. पण न्याय मिळेल हा भरवसा नसेल तर वडगावच्या ताईंची प्रगतीची डायरी कोरीच राहते.

मलप्रभाकाठ, टिपणात हे घाला: कुणाचं काम कुणाच्या नावावर जाणार नाही याची लेखी पद्धत.

पिपेट

काकांना शंभर टक्के. आणि मग विचारते, फील्डवरच्या मुलींची नावं पेपरात का नसतात?

वडगावची_सून

कारण नियम. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या समितीच्या चार अटी आहेत. अभ्यासाची आखणी, माहिती गोळा करणं किंवा विश्लेषण यांत भरीव वाटा. मसुदा लिहिणं किंवा त्यात मुद्द्याच्या दुरुस्त्या. अंतिम प्रतीला मान्यता. आणि सगळ्या कामाची जबाबदारी. चारही पाहिजेत. फील्डवरची मुलगी पहिलीत बसते, दुसरीत अडते.

पिपेट

अडते, कारण तिला मसुदा कुणी दाखवतच नाही! त्याच नियमात असंही आहे ना, की पहिल्या अटीत बसणाऱ्याला मसुद्यात भाग घ्यायची संधी द्यायला हवी?

वडगावची_सून

आहे. आणि ती पाळली जात नाही हे तुझं म्हणणंही खरं आहे. शिवाय कुणी काय केलं हे चौदा भूमिकांत नोंदवायची पद्धत आता बरीच नियतकालिकं वापरतात, त्यात माहिती गोळा करणं आणि तिची निगा ठेवणं याला स्वतंत्र जागा आहे. लेखकांत नाव येत नसेल तर ऋणनिर्देशात तरी पूर्ण नावानिशी, त्यांना विचारून. ‘सर्व क्षेत्रीय कर्मचाऱ्यांचे आभार’ या एका ओळीत पंचवीस बायका बसवू नका.

सिस्टर_माई

नाव आलं तर आनंदच. पण मला विचाराल तर पेपर इंग्रजीत, माझ्या घरात कोण वाचणार? त्या मुलीनं कागद आणून माझ्यासमोर धरला, ते मला जास्त.

मलप्रभाकाठ

खूप मिळालं. काल रात्री बसून टिपण लिहिलं. आधी मी निष्कर्ष सांगण्याच्या मुद्द्यानं सुरुवात करणार होतो. आता पहिला परिच्छेद मानधनाच्या तारखेचा आहे, हिशेबनीसांच्या तीन उपायांसकट. त्यानंतर फील्डवरचा विमा, बूट आणि उशिरा परतणाऱ्या मुलींसाठी गाडी. हे दोन परिच्छेद मान्य झाल्याशिवाय पुढचे वाचू नयेत असंच लिहिलंय.

मग माईंचा कागद. दर तीन महिन्यांनी प्रत्येक टीमला तिच्याच गावांचे आकडे चित्रात दाखवायचे आणि ‘असं का?’ हे त्यांना विचारायचं. त्या बैठकीत शास्त्रज्ञानं यायचंच, प्रतिनिधी पाठवायचा नाही. त्यांच्या उत्तरांतून एखादी सुधारणा झाली तर कुणाच्या सांगण्यावरून झाली ते इतिवृत्तात नावानं लिहायचं, मामांच्या ड्रॉइंगसारखं. आणि मसुदा तयार झाला की टीमच्या प्रमुख मुलींना मराठीत आणि कन्नडात समजावून त्यांचं म्हणणं घ्यायचं.

करार संपल्यावर काय, याला माझ्याकडं अजून उत्तर नाही. निदान कुणी काय शिकलं याचं नीट प्रमाणपत्र आणि पुढच्या प्रकल्पात आधी त्यांचा विचार, एवढंच सुचलंय. कुणाला आणखी काही सुचलं तर सांगा.

उद्यमबाग_ओतारी

प्रमाणपत्रात ‘समाधानकारक काम केले’ असलं काही लिहू नका. कुठलं यंत्र येतं, किती मोठं काम स्वतः सांभाळलं, कुठल्या भाषांत मुलाखती घेतल्या हे लिहा. आमच्याकडं मुलं नोकरी मागायला येतात तेव्हा आम्ही तेच शोधतो. तीन भाषांत काम केलेली मुलगी आमच्या सर्व्हिस विभागाला पण पाहिजे.

सिस्टर_माई

एक राहिलं. ज्या बायकांनी आपलं वजन, रक्त, घरातली दुःखं सांगितली, त्यांनाही तो कागद दाखवा. आमच्या मुलींना गावात परत जाताना मान ताठ ठेवता येते. ‘मागच्या खेपेला लिहून नेलंस त्याचं काय झालं गं?’ असं दारात विचारलं की उत्तर नसतं, तेव्हा फार वाईट वाटतं.

मलप्रभाकाठ

माई, घातलं. पण गावोगाव बैठका म्हणजे गाड्या, छपाई, चहा. याला पैसा कुठल्या शीर्षाखाली दाखवू?

हिशेबनीस

प्रवासाचा भाग प्रवास-शीर्षात बसेल, फील्डचं काम म्हणूनच. छपाई आणि चहा कंटिन्जन्सीत, म्हणजे किरकोळ खर्चाच्या शीर्षात. पण पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकात ‘निष्कर्षांची गावपातळीवर माहिती’ अशी स्वतंत्र ओळ आत्ताच मागा. प्रस्तावात असेल तर निधी देणारे सहसा कापत नाहीत. रविवारी सकाळी मी टिळकवाडीत आहे. मंजूर अंदाजपत्रकाची प्रत घेऊन या, बसून आकडे घालू.

तिसरं_रेल्वेगेट

रविवारी मीपण येतो. कुंदा माझ्याकडून, आणि गावातल्या बैठकांना गाडी लागली तर माझी घ्या. डिझेलचं बघून घेतो.